सिटी सर्व्हेचं काम दोन वर्षं पडून आहे. आळस म्हणावा तर तोही नाही. मग काय?

पेठेतला_मुनीम | शनिवार, रात्री ११:२०

हा धागा 'कायदा-मालमत्ता' विभागात टाकला असता तर कागदपत्रांची यादी मिळाली असती. यादी माझ्याकडं आहे, पाठही आहे. अडलंय ते दुसरीकडंच, म्हणून इथं टाकतोय.

आण्णांना, म्हणजे वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं घर, मिळकत पत्रिकेवर (घर कुणाच्या नावावर ते सांगणारा सिटी सर्व्हेचा उतारा) वारस नोंद करायची आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ प्रती काढून ठेवल्यात. प्रतिज्ञापत्राचा मसुदा एका वकील मित्रानं करून दिलाय. राहिलंय एवढंच, की आण्णांच्या टेबलाच्या डाव्या कप्प्यातले जुने कागद बाहेर काढायचे आणि सिटी सर्व्हे कार्यालयात अर्ज नेऊन द्यायचा. गाडीवरून दहा मिनिटं. तिथं कुणी अडवलं, हेलपाटे घालायला लावले अशी तक्रार करायलाही मला तोंड नाही, कारण मी अजून पायरीच चढलेलो नाही.

गंमत अशी की मी धंद्यानं हिशेबनीस. लोकांची आयकर विवरणपत्रं मुदतीत भरून देणं हे माझं पोट. जुलैत रात्री दोन-दोनपर्यंत जागतो, एकाचंही राहू देत नाही.

आज सकाळचंच सांगतो. चहा घेतला, खुर्ची ओढली, कप्प्याच्या कडीला हात लावला. पितळी कडी आहे, एकाच बाजूनं झिजून चकचकीत झालेली, आण्णांच्या अंगठ्यानं. आणि एकदम आठवलं, गच्चीवरची टाकी धुवायची राहिलीय. सव्वादोन तास टाकी धुतली. कोपऱ्यातलं शेवाळ जुन्या टूथब्रशनं काढलं. खाली आलो तर बायको म्हणाली, "या वर्षात चौथ्यांदा धुतली तुम्ही टाकी."

हसलो. पण जेवताना घास उतरेना. हे काय असतं?

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ६:०५

आळस असतो. त्याला भारदस्त नाव शोधून दिलं की माणसाला बरं वाटतं, एवढंच. ३४ वर्षं शाळेत घालवली. गृहपाठ न आणणाऱ्या प्रत्येक पोराकडं कारण असायचं आणि दरवेळी ते नवं असायचं. पहाटे पाचला उठा, रंकाळ्याला एक फेरी मारा, नऊ वाजता कप्पा उघडा. विषय संपला.

लेथवाला_७ | रविवार, सकाळी ९:४०

मास्तर, मान राखून बोलतो, पर आळशी माणूस टाकी धूत न्हाई. त्यो झोपतो. ह्यो गडी सव्वादोन तास शेवाळ खरवडतोय. ह्याला काम नको हाय असं न्हाई, ह्याला त्यो कप्पा नको हाय.

माझं सांगतो. उद्यमनगरात जॉबवर्क करतो. दोन लेथ, एक व्हीएमसी. कास्टिंग येतं, मशीनिंग करून द्यायचं. काम कवा थांबत न्हाई. थांबतो त्यो वसुलीचा फोन. एका पार्टीकडं साडेतीन लाख अडकल्यात, आठ म्हैनं झालं. रोज ठरवायचं, अकराला फोन लावायचा. अकरा वाजलं की मी सोता झाडू घेऊन लेथखालचा चुरा गोळा करतो. पोरं एकमेकाला खुणावत्यात, "मालक झाडाय लागलं, आज फोनचा वार हाय."

मला वाटायचं मी भिडस्त हाय. तसं न्हाई. माझं वडील खाली मान घालून पैसं मागायचं, त्ये मी ल्हानपणी शेजारी हुबा ऱ्हाऊन बघितलंय. फोन हातात घेतला की मी मालक ऱ्हात न्हाई, त्यो पोरगा हुतो. आपलंच पैसं, आन् भीक मागितल्यागत वाटतं. घोडं तितं पेंड खातंय.

तिसरा_तास | रविवार, दुपारी १:१५

मानसशास्त्र शिकवते, कॉलेजचं नाव राहू दे. लेथवाल्यांनी झाडूत जे सांगितलं ते आम्ही वर्गात दोन तास घेऊन सांगतो.

चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन न जमणं, असं पुष्कळ दिवस धरून चाललं होतं. म्हणून तर वेळापत्रकं, तक्ते, गजर. पुढं संशोधकांना दिसायला लागलं की नियोजनात पटाईत माणसंही नेमकं एखादं काम टाळतात. फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ साली मांडणी केली ती अशी: काम बाजूला सारलं की त्या कामाला चिकटलेली नकोशी भावना तेवढ्यापुरती दूर होते आणि लगेच हलकं वाटतं. ते हलकं वाटणं हीच बक्षिसी. बक्षिसी मिळाली की मन पुन्हा तेच करतं. भुर्दंड बसतो उद्याच्या 'मी'ला, आणि तो तर आपल्याला शेजाऱ्यासारखा वाटतो. शेजाऱ्याच्या अंगावर काम ढकलायला कुणाला काय वाटतंय!

माझ्या आवडीचा एक प्रयोग २००१ सालचा आहे, डायॅन टाइस आणि सहकाऱ्यांचा. विद्यार्थ्यांना सांगितलं, थोड्या वेळानं गणिताची चाचणी आहे, तोवर सराव करा. खोलीत खेळ आणि कोडीही ठेवली होती. काहींचं मन आधी मुद्दाम खिन्न केलं होतं. ती मुलं सराव सोडून खेळात रमली. पण खिन्न मुलांतल्याच काहींपुढं एक सुगंधी मेणबत्ती लावली आणि सांगितलं, हिच्या वासानं तुमची मनःस्थिती आहे तशीच राहणार, बदलायची नाही. ही मुलं खेळाकडं तेवढी वळलीच नाहीत. मेणबत्ती साधीच होती. पण खेळून बरं वाटणारच नाही म्हटल्यावर खेळायचं कशाला? म्हणजे ते टाळणं औषधासारखं होतं.

मुनीम, तुमची टाकी म्हणजे ते औषध. एक विचारू? कप्पा उघडला आणि अर्ज दिला, तर काय होईल असं वाटतं? घराचं नव्हे, तुमचं.

अर्धवट_प्रबंध | रविवार, दुपारी ३:०२

ती मेणबत्ती महाद्वार रोडला कुठं मिळेल काय?

हसायचं सोडून सांगते. शिवाजी विद्यापीठात पीएचडी करतेय, विषय २०१९ चा पूर. शिरोळ तालुक्यात गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या. लोकांनी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा दाखवल्या, गोठ्यात बांधलेली जनावरं कशी सोडली ते सांगितलं. माझ्याकडं वह्याच्या वह्या भरल्यात. तिसरं प्रकरण लिहून गाइडना दिलं. त्यांनी शेरे मारून परत पाठवलं. ती मेल मी पाच महिने उघडलेली नाही.

कारण मला ठाऊक आहे. जोवर प्रबंध डोक्यात आहे तोवर तो फार छान आहे. कागदावर आला की तो माझ्याएवढाच होणार. आणि त्या बायाबापड्यांनी एवढं रडून सांगितलं, त्याचं मी हे केलं?

वरून व्याज चढतंय ते वेगळं. पहिल्या आठवड्यात "सर, जरा उशीर झाला" एवढ्यावर भागलं असतं. आता पाच महिन्यांनी नुसतं प्रकरण देऊन चालणार नाही. पाच महिने लागले असतील असं वाटणारं प्रकरण द्यावं लागेल. दर दिवशी ते आणखी चांगलं असायला लागतं आणि दर दिवशी मी आणखी घाबरते.

तिसरा_तास | रविवार, दुपारी ३:३०

हे व्याज म्हणजे शरम. सुरुवातीला काम नकोसं असतं, नंतर 'मी केलं नाही' हेच नकोसं होतं, आणि आता टाळायला दोन गोष्टी असतात. म्हणून स्वतःला शिव्या घालून काम होत नाही, उलट काम आणखी जड होतं. २०१० साली कॅनडात वोल, पिचिल आणि बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. पहिल्या परीक्षेला चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. माफ करणं म्हणजे सूट देणं नव्हे. झालं ते झालं, पुढचं पान काढ, एवढंच.

पेठेतला_मुनीम | रविवार, रात्री ८:४५

ताई, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता.

अर्ज दिला की आण्णांचं नाव कमी होईल. शब्दच तो आहे, 'नाव कमी करणे'. मी लोकांचे कागद रोज बघतो, मयताच्या नावाला कंस पडतो आणि खाली वारसांची नावं येतात. घरफाळ्याचं बिल अजून आण्णांच्या नावानं येतं. पोस्टमन नाव वाचतो, मी 'हो' म्हणतो. वर्षातून एकदा का होईना, त्यांच्या नावानं कुणीतरी हाक मारतं आणि घरातून उत्तर जातं.

कंस माझ्या हातानं पडायला नको, एवढंच असावं. लिहिल्यावर फारच बालिश वाटतंय.

लेथवाला_७ | रविवार, रात्री ९:१०

बालिश न्हाई भावा.

सुईदोरा | सोमवार, दुपारी २:२०

मी ब्लाउज शिवते, मंगळवार पेठेत. तीस वर्षं झाली. दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत मशीन चालू असतं, त्याला चालढकल म्हणत नाहीत, त्याला गिऱ्हाईक म्हणतात. पण खरी चालढकल सांगते.

गेल्या वर्षी एक मुलगी आईची साडी घेऊन आली. आई नाही तिची. जुनी रेशमी, जांभळी, काठाला बारीक कुयरी. म्हणाली, हिच्या पदराचा ब्लाउज करा, लग्नात घालायचाय. कापड नेमकं. चुकलं तर दुसरा तुकडा आणायचा कुठून? सहा वेळा घडी उलगडली, खडूनं खुणा केल्या, हातानं पुसल्या, परत घडी. कात्री एका बाजूला तशीच. एवढ्या दिवसांत मी पन्नास ब्लाउज शिवले असतील, दुसऱ्यांचे.

माझ्या सासूबाई पण हेच काम करायच्या. त्यांचं एक होतं. जिवावर आलेलं कापड असलं की आधी अस्तर कापायचं. अस्तर चुकलं तर चाळीस-पन्नास रुपये गेले. अस्तराला कोण घाबरतंय? पण एकदा अस्तर कापून टेबलावर पसरलं की अर्धा ब्लाउज समोर दिसतो, हात चालू झालेला असतो, मग कात्री आपोआप रेशमावर येते. तसंच केलं. कात्री लावताना श्वास धरला होता हे नंतर कळलं.

मुनीमदादा, तुमच्या टेबलाला उजवा कप्पा पण असेल की.

कुणाची_तरी_बायको | सोमवार, संध्याकाळी ५:५०

सगळं वाचलं. वाईट वाटलं, आणि रागही आला. राग यासाठी की प्रत्येक टाळलेल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं. आमच्या घरात 'मला जमत नाही गं फोन करायला' असं म्हणणारा एक माणूस आहे, आणि म्हणून गेली अठरा वर्षं विम्यापासून गॅसच्या तक्रारीपर्यंत सगळे फोन मी करते. भावना मलाही आहेत. दूध, डबा, फी यांना भावना चालत नाहीत.

आता माझी गोष्ट, म्हणजे फक्त दुसऱ्याचं बोलले असं नको. छातीत गाठ हाताला लागली आणि मी चार महिने कुणाला सांगितलं नाही. रोज वेगळं कारण. मुलाची परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, मग गणपती. खरं कारण एकच. तपासलं नाही तोवर मला काहीच झालेलं नव्हतं. शेवटी बहिणीला बोलून गेले, तिनं दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात उभी केली. गाठ साधी निघाली. नसती निघाली तर ते चार महिने कुणी परत दिले नसते. वारस नोंद दोन वर्षं थांबेल, शरीर थांबत नाही. असलं काही टाळत असाल तर आज एका माणसाला सांगा. उघडं पडलं की टाळणं अवघड होतं, एवढं मला कळलंय.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१०

वाचतोय सगळं. शाळेतली काही पोरं आठवली, त्यांची नावं इथं लिहिणार नाही. एकाच्या घरात दिवा नव्हता हे मला त्याच्या लग्नात कळलं.

पण एक सांगतो, पटलं तर घ्या. हा धागा हीसुद्धा टाकीच आहे. तीन दिवस सगळ्यांनी मिळून घासली, छान स्वच्छ झाली. कप्पा बंद तो बंदच.

तिसरा_तास | मंगळवार, सकाळी ८:००

मास्तर, साष्टांग. भावना ओळखली म्हणजे काम झालं असं नाही, हे आम्ही पण विसरतो.

मग करायचं काय, तर 'लवकरच करीन' हे वाक्य सोडायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं. 'जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन' असं जागा-वेळेसकट ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडतं. "जेव्हा संध्याकाळचा चहा होईल, तेव्हा मी उजवा कप्पा उघडीन." डावा नव्हे. अस्तर आधी.

आणि एक वेगळं. आंघोळ, जेवण, कामावर जाणं असं सगळंच आठवडेच्या आठवडे ढकललं जात असेल, झोप उडाली असेल, कशातच जीव लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. लहानपणापासून कुठंच लक्ष टिकत नसेल तर त्याचंही कारण निराळं असू शकतं. तिथं अस्तराची युक्ती पुरणार नाही, डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

पेठेतला_मुनीम | बुधवार, रात्री ९:०५

उघडला.

काल चहानंतर उजवा. त्यात वाळलेली शाईची बाटली, एकमेकांना चिकटलेली रबरबँडं आणि काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा. चष्मा घालून बघितला. काही दिसलं नाही. त्याच हातानं डावा ओढला.

वरच पिवळी फाइल. आत वारस नोंदीचा अर्ज. भरलेला. आण्णांचं अक्षर, तारीख १२ मार्च १९९४. खाली सही नाही. मला दोन मिनिटं काही कळेना. मग जुना उतारा सापडला. घर अजून आजोबांच्या नावावर आहे. आण्णांनी आजोबांची वारस नोंद कधी केलीच नाही. घरफाळा त्यांच्या नावानं यायचा म्हणून मी धरून चाललो होतो, उतारा कधी काढला नाही. मी, हिशेबनीस!

ज्या नावाला कंस पडेल म्हणून दोन वर्षं टाकी घासली, ते नाव तिथं नव्हतंच.

अर्जात वारसांचा तक्ता आहे. पहिल्या ओळीत आण्णांचं नाव शाईनं. खाली दोन्ही आत्यांची नावं पेन्सिलनं. एकदा खोडून परत लिहिलेली, कागद तिथं पातळ झालाय. आण्णा कधी काही बोलले नाहीत. दर भाऊबीजेला दोघी यायच्या, दोघींना साड्या, पांढरा रस्सा, दुपारभर हसणं. त्या ताटावर बसून "सही द्या" कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी त्या आल्या असत्या का? हे माझं आपलं. त्यांच्या मनात काय होतं ते पेन्सिलीला माहीत.

धाकटी आत्या २०२१ मध्ये गेली. तिची मुलं पुण्यात. थोरली इचलकरंजीला.

स्टॅम्पपेपर | बुधवार, रात्री ९:१८

आत्तापर्यंत नुसता वाचत होतो, आता माझं काम आलं. आजोबांचाही मृत्यूचा दाखला लागेल, तो आधी शोधा. आत्यांना वगळून अर्ज करायचं मनातही आणू नका. घर आजोबांचं, त्यामुळं त्या वारस आहेतच, आणि धाकट्या आत्यांच्या जागी त्यांचे वारस येतील. नोंद सगळ्यांच्या नावे होईल. नोंद करायला कुणी हक्क सोडावा लागत नाही. कुणाला स्वखुशीनं सोडायचाच असेल तर ते हक्कसोडपत्र वेगळं, आणि ते नोंदणीकृत लागतं. म्हणजे आत्यांना "सोडा" म्हणायची गरजच नाही. नुसतं "नावं लावतोय" म्हणा.

पेठेतला_मुनीम | बुधवार, रात्री ९:२६

हे आण्णांना कुणी सांगितलं असतं तर.

आत्याला फोन करायला पाहिजे. पण आता साडेनऊ होतील, ती लवकर झोपते. उद्या सकाळी तिची पूजा असते.

लेथवाला_७ | बुधवार, रात्री ९:३१

पूजा किती वाजस्तवर?

पेठेतला_मुनीम | बुधवार, रात्री ९:३२

दहा. फार तर साडेदहा.

लेथवाला_७ | बुधवार, रात्री ९:३४

मग अकरा. तू आत्याला लाव, मी पार्टीला लावतो. दोघं एकदमच. झाडू मी आजच पोराकडं दिऊन ठिवतो.

कुणाची_तरी_बायको | बुधवार, रात्री ९:४०

आणि टाकीच्या झाकणाला कुलूप लावा म्हणावं वहिनींना.

लेथवाला_७ | गुरुवार, सकाळी ११:०२

रिंग वाजतीया. तुझं?

पेठेतला_मुनीम | गुरुवार, सकाळी ११:३९

उचलला तिनं. पहिलं वाक्य, "काय रे, टाकी धुतलीस का?" बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं.